मायफळ, हिराकस आणि डी-७६ : घरी रोल धुण्यासाठी डेव्हलपर कोणता?

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या जुन्या घरांत कपाटं, ट्रंका, देवघरावरचे माळे आवरायला घेतले की एखादा तरी जुना कॅमेरा हाती लागतो. बहुतेकदा तो आग्फा क्लिक थ्री असतो. या कॅमेऱ्यात १२० नंबरचा रोल भरला की बारा चौकोनी फोटो निघत. कधीकधी आत अर्धा वापरलेला रोल तसाच गुंडाळलेला सापडतो. इतिहासाची आवड असलेल्या मंडळींना त्या रोलवर काय आहे याची उत्सुकता असणारच. तो धुण्याची संधी मात्र एकदाच मिळते. चुकीच्या डेव्हलपरमध्ये घातला तर काळपट पट्टी हाती येते, आणि तिथे दुरुस्तीला वाव नसतो.

दुसरीकडे, नव्याने कृष्णधवल फिल्म वापरू लागलेली तरुण मंडळीही वाढताहेत. मांद्रेच्या समुद्रकाठी किंवा मयेच्या तळ्याकडे असा एखादा हौशी भेटतो. त्यांचाही प्रश्न हाच असतो : घरच्या घरी रोल धुवायचा तर सोपा डेव्हलपर कोणता घ्यावा?

प्रश्न तांत्रिक वाटला तरी त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचं एक टोक आपल्या पेडणे तालुक्यात पोहोचतं. म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

मांद्रेचे लाड बंधू

डॉ. भाऊ दाजी लाड हे मूळ पेडणे तालुक्यातल्या मांद्रे गावचे. त्यांचं पूर्ण नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. कुटुंब मुंबईला गेलं, भाऊ एल्फिन्स्टनमध्ये शिकले, पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ साली डॉक्टर होऊन बाहेर पडले. शिलालेखांचे अभ्यासक म्हणून त्यांचं नाव झालं. भायखळ्याच्या म्युझियमला १९७५ साली त्यांचं नाव दिलं गेलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं.

त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्याबद्दल मात्र गोव्यात फारसं बोललं जात नाही. तेही ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकलेले डॉक्टर, आणि भारतातल्या अगदी सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी एक. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुतेक इंग्रज अधिकारी, पण थोडे एतद्देशीयही होते. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळावर होते आणि त्यांनी काढलेली चित्रं तिथल्या प्रदर्शनात मांडली गेली. त्याच सुमारास, १८५५ साली, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. पुढे नावाजलेले हरिश्चंद्र चिंतामण याच वर्गात शिकले.

डॉक्टर आणि फोटोग्राफर एकाच माणसात सापडावेत, यात त्या काळी नवल नव्हतं. फोटो काढायचा म्हणजे आधी औषधं मोजायची, गाळायची, मिसळायची. कॅमेरा हा त्यातला अर्धाच भाग. बाकीचं सगळं काम दवाखान्यातल्या मिश्रणांसारखं असे. तयार डेव्हलपरची बाटली दुकानात मिळत नव्हती. प्रत्येकाने आपला डेव्हलपर घरीच करायचा.

बाळगुटी आणि शाई

आता त्या डेव्हलपरमध्ये काय असे ते बघा.

टॅलबॉट या इंग्रज संशोधकाने १८४१ साली पेटंट घेतलेल्या कागदी निगेटिव्हच्या पद्धतीत गॅलिक आम्ल वापरलं जाई. हे आम्ल मिळतं मायफळापासून. होय, तेच मायफळ, जे आपल्याकडे बाळगुटीत सहाणेवर उगाळतात. ओकच्या झाडावर एक प्रकारची माशी अंडी घालते, तिथे जी गाठ येते ते मायफळ. आपल्याकडे ते तयार होत नाही, इराण-तुर्कस्तानाकडून येतं आणि काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. गॅलिक आम्ल तापवलं की त्यातून पायरोगॅलॉल निघतं. शेले या रसायनशास्त्रज्ञाने ही दोन्ही द्रव्यं १८व्या शतकातच वेगळी केली होती. १८५१ साली आर्चरने काचेवरची ओली कोलोडियन पद्धत जाहीर केली, तिथे डेव्हलपर म्हणून हेच पायरोगॅलॉल वापरलं गेलं.

लवकरच त्याला दुसरा पर्याय आला तो हिराकसचा, म्हणजे फेरस सल्फेटचा. त्यात थोडं व्हिनेगरचं आम्ल आणि थोडं अल्कोहोल घालत. हिराकस वापरल्यावर काच कमी वेळ उघडी ठेवून भागे, म्हणून माणसांचे फोटो काढणारे त्याकडे वळले.

मायफळ किंवा हिरडा आणि हिराकस ही जोडी आपल्या जुन्या लोकांना चांगली ठाऊक होती. काळी शाई आणि काळा रंग त्यातूनच करत. मोडीतले दस्तऐवज वाचणाऱ्यांना कागद खाणाऱ्या शाईचा अनुभव असेल, तिथे बऱ्याचदा हीच जोडी कारणीभूत असते. पहिल्या फोटोग्राफरांनी शाईतल्या याच दोन वस्तू वेगवेगळ्या करून डेव्हलपर म्हणून वापरल्या, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

डेव्हलपर म्हणजे जादूचं पाणी नव्हे, हे यातून कळतं. प्रकाश पडलेल्या चांदीच्या क्षाराचं काळ्या चांदीत रूपांतर करणारं द्रव्य, एवढंच ते. आधुनिक डेव्हलपरमध्ये चार गोष्टी असतात : हे काम करणारं मुख्य द्रव्य, त्याला वेग देणारा खार, हवेने खराब होऊ नये म्हणून घातलेलं सोडियम सल्फाइट, आणि गरज असेल तर प्रकाश न पडलेल्या भागाला आवर घालणारं ब्रोमाइड. ही चौकट डोक्यात ठेवली की बाटलीवरचं कुठलंही नाव घाबरवत नाही.

घरातून दुकानात, दुकानातून परत घरात

ओल्या काचेच्या काळात निवड करायला वेळच नसे. काच वाळायच्या आत, काही मिनिटांत, ती डेव्हलप करावी लागे. मुंबईच्या उकाड्यात हा वेळ आणखी कमी. म्हणून फोटोग्राफर जिथे जाई तिथे काळोख्या तंबूसकट जाई.

१८७१ साली मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि चित्र बदललं. काच आज उघडायची, धुवायची पुढच्या आठवड्यात, असं शक्य झालं. १८८० साली हायड्रोक्विनोन आलं, १८९१ साली मेटॉल, आणि त्याच वर्षी आंद्रेसेनने रोडिनाल या तयार द्रवाचं पेटंट घेतलं. बाटलीतून मोजून पाण्यात ओतायचं की डेव्हलपर तयार. याच काळात गोव्यात पणजीच्या सोझा अँड पॉल या छायाचित्रकारांनी इथल्या वास्तूंचे फोटो काढले. ते आजही जुन्या गोव्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या उपयोगी पडतात.

कोडॅकने रोल फिल्म आणली आणि धुण्याचं काम हळूहळू घराबाहेर, स्टुडिओच्या काळोख्या खोलीत गेलं. ‘रोल धुवायला टाकला’ हा शब्दप्रयोग त्यानंतरचा.

पण घरी धुण्याची परंपरा तुटली नाही. तिचं मराठी माणसांना अभिमान वाटावा असं उदाहरण म्हणजे दादासाहेब आणि सरस्वतीबाई फाळके. १९१२ साली लंडनहून परतल्यावर दादासाहेबांनी दादरच्या घरातच कारखाना थाटला. कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं मिसळणं, फिल्म धुणं ही कामं सरस्वतीबाई शिकल्या आणि रात्री जागून करत राहिल्या. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, त्यामागे एका गृहिणीने स्वतः कालवलेला डेव्हलपर होता.

पुढे १९२७ साली कोडॅकच्या कॅपस्टाफने डी-७६ हे सूत्र दिलं, तेही मुळात सिनेमाच्या फिल्मसाठी. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, २ ग्रॅम. इलफर्डचं आयडी-११ जवळजवळ हेच. आज शंभर वर्षं होत आली, तरी इतर डेव्हलपरांची तुलना अजून याच्याशीच करतात. आपल्या देशात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सने १९६७ पासून ‘इंदू’ नावाने माल काढायला सुरुवात केली. गोवा १९६१ साली मुक्त झाल्यानंतरच्या पिढीने इंदू आणि आग्फाचे रोल वापरले. सापडणारे जुने रोल बहुतेक याच काळातले.

आपलं पाणी, आपला उकाडा

परदेशी पुस्तकं सांगतात की डेव्हलपरचं तापमान २० अंश ठेवा. पेडणे-डिचोलीत बावीचं पाणी वर्षातला बहुतेक काळ २६-२८ अंशांच्या आसपास असतं. फरक किरकोळ वाटतो, पण आहे मोठा. एक उदाहरण घ्या. एचपी-५ ही इलफर्डची फिल्म आयडी-११ मध्ये एकास एक पाणी मिसळून २० अंशांना १३ मिनिटं धुतात. तीच २४ अंशांना सुमारे ९ मिनिटांत होते. त्याहून तापमान वाढलं की वेळ इतका कमी होतो की टाकीत डेव्हलपर ओतण्यात आणि काढण्यात जाणारी सेकंदंही डाग पाडतात. पाच मिनिटांहून कमी वेळ टाळावा, हा सर्वसाधारण नियम आहे. शिवाय गरम पाण्यात जिलेटिन फुगून मऊ पडतं. म्हणूनच पूर्वी उष्ण प्रदेशांसाठी सोडियम सल्फेट घातलेली वेगळी सूत्रं असत.

मडक्यातलं पाणी वापरा, असं कुणी सांगतात. उन्हाळ्यात ते थोडं उपयोगी पडेल. पावसाळ्यात नाही, कारण मडकं गार होतं ते पाणी झिरपून वाळल्यामुळे, आणि आषाढातल्या दमट हवेत काहीच वाळत नाही. त्यापेक्षा मोठ्या टोपात बर्फाचं पाणी घ्यावं आणि त्यात डेव्हलपरची बाटली ठेवून २४ अंशांपर्यंत आणावी. फिक्सर आणि शेवटचं धुण्याचं पाणीही शक्य तितकं त्याच तापमानाला असावं.

दुसरी गोष्ट पाण्याची. डिचोली हा लोहखनिजाच्या खाणींचा तालुका, माती तांबडी, पावसाळ्यात पाणी गढूळ. फिल्म धुण्याच्या पाण्यात बारीक गाळ असला तर तो ओल्या जिलेटिनमध्ये रुतून बसतो. आणि व्हिटॅमिन सी वापरणाऱ्या डेव्हलपरांना पाण्यातलं लोह किंवा तांबं अगदी थोडंही चालत नाही, ते वरून चांगले दिसतात आणि एके दिवशी अचानक मरतात. म्हणून डेव्हलपर कालवायला डिस्टिल्ड वॉटर घ्यावं. ते बॅटरीसाठी म्हणून सगळीकडे मिळतं. बाकीच्या धुण्याला गाळलेलं पाणी चालेल.

मग निवड कशी करावी?

आता चार पर्याय बघू.

पहिला, डी-७६ किंवा आयडी-११. पावडर मिळते, सुमारे ५० अंशांच्या कोमट पाण्यात विरघळवून थंड करायची. पूर्ण भरलेल्या घट्ट बाटलीत सहा महिने टिकते, अर्ध्या रिकाम्या बाटलीत दोनच महिने. म्हणून एका मोठ्या बाटलीऐवजी चार लहान बाटल्या भराव्यात. वापरताना एकास एक पाणी घालून, एकदा वापरून टाकून द्यायचं. वर्षात नियमित रोल काढणाऱ्याला याहून भरवशाचं काही नाही.

दुसरा, रोडिनाल. घट्ट द्रव, बाटली वर्षानुवर्षं टिकते. एक भाग द्रवात २५ किंवा ५० भाग पाणी. एक रोल चतुर्थीला आणि दुसरा थेट शिगम्याला धुणाऱ्या माणसासाठी हाच योग्य. दाणे मात्र थोडे ठळक येतात, वेगवान फिल्मवर तर जास्तच. टाकीत मूळ द्रव किमान पाच मिली तरी जायला हवा, नाहीतर निगेटिव्ह फिकी येते.

तिसरा, स्वतः कालवलेला डी-२३. कोडॅकचं १९४४ सालचं सूत्र : मेटॉल साडेसात ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, पाणी एक लिटर. दोनच वस्तू. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते विरघळलं की उरलेलं सल्फाइट, हा क्रम मोडू नये, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही. मेटॉलने काहींच्या कातडीला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घालावेत. नारायण दाजींच्या काळासारखं स्वतः मोजून करण्याचा आनंद हवा असेल तर सुरुवात इथून करावी. लहान वजनकाटा लागेल, तोही दशांश ग्रॅम दाखवणारा.

चौथा, कॉफीचा. १९९५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इन्स्टंट कॉफी आणि धुण्याच्या सोड्यापासून डेव्हलपर करून दाखवला. आज प्रचलित सूत्र असं : एक लिटर पाण्यात निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, २० अंशांना १५ मिनिटं. कॉफीतलं कॅफेइक आम्ल इथे काम करतं. ते मायफळातल्या गॅलिक आम्लाचं दूरचं भावंड म्हणता येईल. म्हणजे दीडशे वर्षांनी आपण परत स्वयंपाकघरात आलो.

पण सोपं दिसतं तितकं ते सोपं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच इन्स्टंट कॉफीत चिकोरी असते, तिचा इथे उपयोग नाही. पाकिटावर बघून निखळ कॉफी घ्यावी. धुण्याचा सोडाही बाजारात वेगवेगळ्या रूपांत येतो. खड्यांचा, पाणी धरलेला सोडा असेल तर ५४ ऐवजी सुमारे १४६ ग्रॅम लागतो. दमट हवेत उघडं पाकीट ठेवलं की त्याचं वजन काय सांगतंय तेच कळेनासं होतं. खाण्याचा सोडा तर मुळीच चालणार नाही. आणि व्हिटॅमिन सी असल्याने पाण्याची अडचण आहेच. शिकायला, मुलांना दाखवायला हा प्रयोग फार छान आहे. शाळेतल्या इतिहास किंवा विज्ञान मंडळांनी जरूर करावा.

सापडलेल्या जुन्या रोलचं काय?

घरात घटक किती कमी लागतात यावरून डेव्हलपर सोपा ठरवायचा, ही सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास वेगळं सांगतो. सरस्वतीबाईंनी एकच कृती रात्रीमागून रात्री गिरवली, सिनेमावाल्यांनी डी-७६ धरून ठेवलं, ते प्रत्येक वेळी सारखाच निकाल मिळावा म्हणून. आपल्या पाण्यात आणि आपल्या उकाड्यात, आज आणि चार महिन्यांनी, जो तसाच वागेल तो सोपा डेव्हलपर. कॉफीचे घटक स्वयंपाकघरातले असले तरी या कसोटीवर तो सर्वांत अवघड ठरतो, आणि पाकिटातलं डी-७६ सर्वांत सोपं.

म्हणून सापडलेला रोल कधीही कॉफीत घालू नये. पन्नास वर्षं कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या फिल्मवर आधीच धुरकट थर, म्हणजे फॉग, चढलेला असतो, आणि कॉफी तो वाढवते. अशा रोलसाठी एचसी-११० हा द्रव डेव्हलपर जाणकार सुचवतात, कारण तो फॉग कमी ठेवतो. एक भाग द्रव, ३१ भाग पाणी हे त्याचं नेहमीचं प्रमाण. तो नसेल तर नुकतंच कालवलेलं डी-७६ चालेल.

त्याआधी दोन-तीन नवे रोल स्वतः धुऊन हात बसवावा. टाकीच्या रिळावर फिल्म चढवणं पूर्ण काळोखात करावं लागतं, त्याचा सराव उजेडात वाया गेलेल्या रोलवर करावा. अनेक वर्षं घट्ट गुंडाळलेली फिल्म स्प्रिंगसारखी उसळते आणि मागच्या कागदाला चिकटलेली असते, ती ओढू नये. लाल दिवा लावू नये. तो फोटोच्या कागदासाठी ठीक, आजच्या फिल्मला तोही दिसतो.

प्रत्येक निगेटिव्हच्या पाकिटावर चार ओळी लिहून ठेवाव्यात : रोल कुठल्या घरात सापडला, कोणता डेव्हलपर, किती पाणी, किती अंश, किती मिनिटं, आणि तारीख. निगेटिव्ह कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी, नाहीतर एका पावसाळ्यात बुरशी लागते. पुढे कुणी ती निगेटिव्ह हातात घेईल तेव्हा फोटोत देऊळ कुठलं, माणूस कोण, हे प्रश्न त्याला पडतीलच. निदान ती काळी का, फिकी का, याचं उत्तर पाकिटावर मिळेल.